आफ्रिकेच्या तुरीवर राग काढण्याआधी : शेतकरी संघटनांना खुले पत्र

प्रति,
मराठवाडा आणि विदर्भातील शेतकरी संघटनांचे पदाधिकारी, कार्यकर्ते आणि तूर उत्पादक बंधू-भगिनी,

स. न. वि. वि.

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास नवी तूर बाजार समितीत येते, भाव हमीभावाच्या खाली घसरतात आणि आपल्या निवेदनांत एक ओळ हमखास येते : आफ्रिकेची तूर थांबवा. मागणीमागचा राग खरा आहे. मी उदगीर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्यामुळे तो राग मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण कामानिमित्त काही वर्षं मी मोझांबिकमध्ये होतो. डाळी आणि तेलबिया खरेदी करणाऱ्या एका कंपनीसाठी नाम्पुला आणि झांबेझिया या प्रांतांतल्या गावांतून हिंडत होतो. ज्या तुरीला आपल्या बाजारात ‘गजरी’ म्हणतात, ती तूर ज्यांच्या शेतात पिकते त्या माणसांमध्ये राहिलो. तिकडचं चित्र तुमच्यापुढे ठेवावं आणि तुमच्या मागणीत एक बदल सुचवावा, म्हणून हे पत्र.

आधी तो देश कसा आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे ‘आफ्रिका’ म्हटलं की सगळं एकच गाव असल्यासारखं बोललं जातं. मोझांबिक महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे, सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर. लोकसंख्या मात्र साडेतीन कोटींच्या घरात, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही. हिंदी महासागराला लागून अडीच हजार किलोमीटरचा किनारा. उत्तरेला रोवुमा नदी ओलांडली की टांझानिया, दक्षिणेला लिंपोपोच्या पलीकडे राजधानी मापुटो आणि मग दक्षिण आफ्रिका. देशाच्या मधोमध झांबेझी वाहते. तिच्यावर काहोरा बासा हे प्रचंड धरण आहे आणि त्याची बरीचशी वीज दक्षिण आफ्रिकेला जाते. आपली तूर येते ती प्रामुख्याने झांबेझीच्या उत्तरेकडून. नाम्पुलाचा परिसर सपाट, आणि त्या सपाटीवर मधूनच एकसंध काळ्या पाषाणाचे सुळके उभे. पश्चिमेकडे गुरुएपर्यंत गेलात की चढण लागते, चहाचे मळे दिसतात आणि वर नामुली पर्वत, सुमारे २,४०० मीटर उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी मोठा.

पाऊस आपल्या उलट. नोव्हेंबरला सुरू होतो, एप्रिलपर्यंत चालतो. तूर पेरतात नोव्हेंबर-डिसेंबरात आणि काढतात जुलै ते सप्टेंबरात. आठ-नऊ महिन्यांची लांब मुदतीची वाणं जास्त. त्यातलं मोठ्या पांढऱ्या दाण्याचं, मर रोगाला दाद न देणारं ‘आयसीईएपी ००४०’ हे वाण इक्रिसॅटचं, म्हणजे आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूला मुख्यालय असलेल्या पीक संशोधन संस्थेचं. काढणीनंतरचा माल नाकाला आणि बेइरा बंदरांतून निघतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मुंबईला, न्हावाशेवाला उतरू लागतो. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

तिथला तूर पिकवणारा माणूस कोण? बहुतेक वेळा ती बाई असते. शेत, त्याला तिथे मशांबा म्हणतात, एक-दीड हेक्टरचं. नांगर नाही, बैल नाहीत, ट्रॅक्टर नाही. सगळी मशागत आखूड दांड्याच्या कुदळीने, कमरेत वाकून. मका, कसावा आणि तूर एकाच रानात. खत जवळपास कुणीच टाकत नाही. जमिनीचा सातबारा नाही, कारण घटनेनुसार जमीन सरकारच्या मालकीची आणि शेतकऱ्याला फक्त वापराचा हक्क. पीककर्ज नाही, पीकविमा नाही, हमीभावाने खरेदी करणारं केंद्र नाही. खायला मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिमा. तूर थोडीफार घरात खातात, पण पिकाचा मोठा वाटा विक्रीसाठी, आणि विकायची कुणाला, तर भारताला. दुसरं मोठं गिऱ्हाईकच नाही. काढणी झाली की तुराट्या चुलीत जातात. ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या अंगणातून हललो नाही. आमच्या घरामागच्या तुराट्यांचा ढीग आणि तो ढीग यांत काडीचाही फरक नव्हता.

आता २०१७ आठवा. त्याआधी २०१५ मध्ये आपल्याकडे दुष्काळ पडला आणि तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. शहरांत ओरड झाली. सरकारने बाहेर डाळ शोधली आणि जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मापुटोला गेले तेव्हा करार झाला : मोझांबिककडून २०१६-१७ मध्ये एक लाख टन डाळ घ्यायची आणि ती वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर न्यायची. ही बातमी रेडिओवरून तिथल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. भारत तूर घेणार, पेरा. लोकांनी पेरली. इकडे आपल्यालाही तेच सांगितलं होतं. भाव चांगला आहे, हमीभावही वाढला, तूर पेरा. २०१६ ला पाऊस बरा झाला आणि देशात ४८ लाख टनांहून अधिक तूर पिकली, आदल्या वर्षी ती २५ लाखांच्या आसपास होती. एकट्या महाराष्ट्राची २० लाख टनांच्या जवळपास.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, काही ठिकाणी त्याच्याही खाली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून बंद पडलेलं माप, आणि २२ एप्रिलला खरेदी थांबली तेव्हा रांगेत अडकलेली तूर. आमच्या गावातले लोक केंद्राबाहेर पोत्यांवर झोपून होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी गुरुए ते मोकुबा रस्त्यावरच्या एका खरेदीच्या ठिकाणी उभा होतो. तिकडे बाजार समिती नसते. आंब्याच्या फांदीला तराजू टांगायचा, खाली ताडपत्री अंथरायची, झाली खरेदी सुरू. बायका डोक्यावर पोतं घेऊन येतात, पुरुष सायकलला दोन-दोन पोती बांधून ढकलत आणतात. काही जणी पहाटे निघून दुपारी पोहोचलेल्या असतात. ५ ऑगस्टला भारत सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळलेला होता, म्हणजे कागदावर मोझांबिकला धक्का नव्हता. पण व्यापाऱ्यांच्या फोनवर ‘भारताने तूर बंद केली’ एवढंच पोहोचलं आणि खरेदी जागच्या जागी थंडावली. ज्यांनी घेतली त्यांनी आदल्या वर्षीच्या भावाच्या एका तुकड्यावर घेतली. एका बाईने, पाठीला कापडात मूल बांधलेलं होतं, माझ्या दुभाष्याला विचारलं की या माणसाच्या देशात यंदा लोकांनी तूर खायचं सोडलं का. मी काय उत्तर देणार होतो? तिने पोतं परत डोक्यावर घेतलं नाही. इतकं अंतर ते परत नेणं तिला शक्य नव्हतं. जो भाव मिळाला त्यात ती देऊन गेली.

त्या वर्षी हिंगोलीत आणि गुरुएत एकाच पिकाने एकाच वेळी माणसं बुडाली. हा योगायोग होता असं मला वाटत नाही. दोन्हीकडे आधी पेरायला सांगितलं गेलं, आणि माल हाती आल्यावर नियम बदलले गेले. इकडे निर्यातबंदी आणि साठ्याची मर्यादा वेळेवर उठली नाही, आयात वेळेवर थांबली नाही. तिकडे आयातीचा दरवाजा पीक काढणीला आल्यावर ढकलला गेला. तूर पिकवणाऱ्याला तूर कळते, पण दिल्लीची अधिसूचना कधी निघेल हे त्याला कळत नाही, उदगीरातही नाही आणि नाम्पुलातही नाही.

त्यानंतरही हेच चालू आहे. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी केली, सुरुवातीला काही महिन्यांसाठी. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. जानेवारी २०२५ मध्ये, आपली नवी तूर बाजारात उतरत असतानाच, शुल्कमुक्त आयात मार्च २०२६ पर्यंत वाढवली. २०२४-२५ मध्ये बारा लाख टनांच्या आसपास तूर बाहेरून आली आणि ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली बाजार घसरला. मोझांबिकच्या बाजूलाही सगळं सरळ नाही. २०२३ च्या शेवटी तिथल्या निर्यातदारांच्या आपसातल्या भांडणात आणि परवान्यांच्या घोळात हजारो टन तूर नाकाला बंदरात अडकून पडली आणि आपल्याकडे भाव भडकले. त्या भडक्यातलं आंब्याखालच्या बायकांच्या पदरात काही पडलं नाही, कारण त्यांची तूर केव्हाच विकली गेली होती.

बंधूंनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला त्यांचं कशाला सांगता, आमचंच आम्हाला होईना. म्हणून तिथल्या हवामानाचं आणि जंगलाचंही थोडं सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या ताटातल्या वरणाशी आहे.

मोझांबिक चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ बेइरा शहरावर आदळलं. सहाशेहून अधिक माणसं गेली, सुमारे सात लाख हेक्टरवरची पिकं काढणीच्या तोंडावर पाण्याखाली गेली. त्या वेळी मदतीला पोहोचलेल्या पहिल्या परदेशी जहाजांत आपल्या नौदलाची जहाजं होती. सहा आठवडे उलटायच्या आत ‘केनेथ’ उत्तरेला काबो देल्गादो प्रांतावर आलं. एकाच हंगामात अशी दोन मोठी वादळं त्या किनाऱ्यावर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. मार्च २०२२ मध्ये ‘गोंबे’ थेट नाम्पुला प्रांतात घुसलं. २०२३ मध्ये ‘फ्रेडी’ महिनाभराहून जास्त काळ समुद्रात फिरत राहिलं, दोनदा किनाऱ्यावर आलं आणि दुसऱ्यांदा झांबेझियातल्या केलिमानेजवळ धडकलं. डिसेंबर २०२४ ला पुन्हा काबो देल्गादोत ‘चिडो’. मधल्या काळात २०२३-२४ च्या एल निनोने मध्य आणि दक्षिण भागात मका करपवला. आपल्याकडे गारपीट आणि परतीचा पाऊस जे करतो, ते तिथे वादळ करतं, फक्त पंचनामा करायला कुणी येत नाही.

उत्तरेकडचं जंगल मिओंबो नावाच्या प्रकारचं, आपल्या विदर्भातल्या पानगळीच्या रानासारखं. ते तुटतंय. मुख्य कारण शेती : जमिनीचा कस गेला की माणूस नवं रान जाळून साफ करतो, शिवाय शहरांसाठी कोळसा पाडतो आणि इमारती लाकूड बाहेर जातं. इथे तुरीचं मोल कळतं. खत परवडत नसलेल्या माणसाकडे नत्राचा एकच स्वस्त मार्ग असतो, तो म्हणजे शेंगवर्गीय पीक. मक्यात तूर घेतली तर तेच रान जास्त वर्षं टिकतं, पानगळीचा पाला जमिनीत जातो, तुराट्यांमुळे सरपणासाठी झाड कमी तुटतं. तुरीला भाव राहिला नाही की तोच शेतकरी तिळाकडे किंवा तंबाखूकडे वळतो, आणि तंबाखू लागवडीला रान लागतं, लाकूडही लागतं. म्हणजे दिल्लीतल्या एका अधिसूचनेने उत्तरेकडच्या नियासा प्रांतातल्या जंगलात कुऱ्हाडी वाढू शकतात. आणि पुढच्या दुष्काळात आपल्याला तूर हवी असेल तेव्हा ती पिकवणारं कुणी उरलेलं नसेल, मग डाळ पुन्हा २०० रुपयांवर आणि पुन्हा घाबरून केलेले करार.

बाहेरच्या बाजाराच्या लहरीने उद्ध्वस्त होणं त्या देशाला नवं नाही. पोर्तुगीज राजवटीत १९३८ नंतर उत्तरेकडच्या शेतकऱ्यांवर कापूस लादला गेला. कापूस लावला नाही तर फटके पडत, आणि स्वतःच्या खाण्याच्या पिकाला वेळ उरत नसे. वऱ्हाडातल्या वाचकांना कापसाची ही बाजू वेगळी सांगायला नको. स्वातंत्र्य मिळालं २५ जून १९७५ ला, आणि १९७७ मध्ये सुरू झालेलं यादवी युद्ध १९९२ पर्यंत चाललं. त्याआधी सत्तरच्या दशकात मोझांबिक जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांपैकी होता, काजू फोडायचे कारखाने तिथेच होते. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या काजूवरचा निर्यातकर खाली आणला गेला. कच्चा माल जहाजांत भरून भारतात फोडायला येऊ लागला, तिथले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत असंख्य बायका, घरी बसल्या. शेतकऱ्याला वाढीव भाव मिळेल असं सांगितलं होतं, तो फारसा मिळाला नाही. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण त्या व्यवहारातही दुसऱ्या टोकाला आपणच होतो.

आपला आणि त्या किनाऱ्याचा संबंध तर फार जुना. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता, झांबेझीच्या खोऱ्यात गोव्याहून गेलेल्या कुटुंबांनी जमिनी धरल्या होत्या. गोव्यातल्या बार्देशचे आकिनो द ब्रागांसा राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार होते आणि १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात माशेल यांच्यासोबतच त्यांचा मृत्यू झाला. आज तर काबो देल्गादोच्या समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या मोठ्या प्रकल्पात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. त्याच प्रांतात २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी चालू आहे, लाखो माणसं घरदार सोडून नाम्पुलाच्या बाजूला आली, आणि त्यांतले कित्येक आता दुसऱ्याच्या मशांबात मजुरीवर तूर काढतात. वायू, कोळसा, माणिक यांनी भरलेल्या त्या देशात निम्म्याहून अधिक लोक गरीब आहेत. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा येतो तो तूर, तीळ, काजू अशा दोन-चार पिकांतून.

आता मागणीकडे येतो. ‘आयात बंद करा’ ही घोषणा मला दोन कारणांनी अपुरी वाटते. पहिलं, ती पाळली जाणार नाही. देशाला वर्षाला सुमारे ४५ लाख टन तूर लागते आणि अलीकडच्या वर्षांत पिकते ३३-३५ लाख टन. डाळ महागली की कुठलंही सरकार आयात करणार, आणि आपण बंदी मागत राहिलो तर ती आयात कधी, किती, कोणत्या शुल्काने, हे ठरवताना आपल्याला कुणी विचारणार नाही. दुसरं, लातूर-अकोल्याच्या डाळमिलाही सप्टेंबर ते डिसेंबर या काळात आयात तुरीवर चालतात, कारण तेव्हा आपल्या शेतकऱ्याकडे तूर नसते. त्या महिन्यांत आलेली गजरी आपल्या पोटावर पाय देत नाही. नुकसान होतं ते जानेवारी ते एप्रिल या काळात उतरणाऱ्या आणि गोदामात साठवलेल्या मालाने.

म्हणून माझी विनंती आहे की तुरीची आयात किती, कधीपर्यंत आणि कोणत्या शुल्काने, हे मे महिना संपायच्या आत, आपल्या पेरणीआधी, जाहीर करा अशी मागणी आपण लावून धरावी, आणि जाहीर झालेलं धोरण हंगामाच्या मध्येच बदलायचं नाही अशी अट घालावी. आफ्रिकेचा माल डिसेंबरअखेरपर्यंत उतरावा, त्यानंतर जानेवारी ते एप्रिल शुल्क लागू असावं, आणि बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला की ते शुल्क आपोआप वाढावं, त्यासाठी कुणा मंत्र्याच्या सहीची वाट पाहावी लागू नये. २०२१ मध्ये मोझांबिकशी वर्षाला दोन लाख टनांचा करार पाच वर्षांसाठी नव्याने ठरला होता, मलावीशी ५० हजार टनांचा. असे करार ठेवावेत, पण ते खरेच पाळावेत : त्यात किमान भाव असावा, आणि खरेदीची खात्री तिकडच्या नोव्हेंबरच्या पेरणीआधी दिलेली असावी. ज्याला करारातला भाव माहीत आहे तो शेतकरी घाबरून जास्त पेरणार नाही आणि मिळेल त्या भावात विकून आपला बाजारही पाडणार नाही. आणि अर्थात इकडे हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी, बारदान्यासह, नोंदणी केलेल्या प्रत्येकाची. ही मागणी तुम्ही माझ्याहून चांगली मांडता.

आणखी एक. आंदोलनात जेव्हा आयात तुरीची पोती फोडून रस्त्यावर फेकली जातात, तेव्हा मला ती गुरुएची बाई दिसते. त्या दाण्याचा पैसा तिला केव्हाच मिळालेला असतो, तोही तुटपुंजा, आणि नुकसान तिचं होत नाही हे मला कळतं. तरी कृपा करून ते करू नका. तो दाणा कुदळीने पिकवलेला आहे. फेकायचंच असेल तर कृषिभवनापुढे अधिसूचनांच्या प्रती फाडून फेका, त्यात मी तुमच्यासोबत असेन.

शक्य झालं तर आपल्या संघटनांनी मोझांबिकच्या शेतकरी संघटनांशी पत्रव्यवहार सुरू करावा. तिथे लहान शेतकऱ्यांचा ‘उनाक’ हा राष्ट्रीय संघ १९८७ पासून काम करतो. भाषा पोर्तुगीज आहे, पण गोव्यात ती जाणणारे लोक अजून आहेत, आणि भाषांतरासाठी मी स्वतः हवा तितका वेळ द्यायला तयार आहे. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी आयातीच्या वेळापत्रकाचं एकच निवेदन दोन्ही सरकारांना दिलं, तर ते बाजूला सारणं अवघड जाईल. येत्या खरिपाच्या बैठकांत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते कळवावं, ही विनंती.

आपला,
उदगीर तालुक्यातील एका तूर उत्पादकाचा मुलगा